चॅनेल काढण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत मार्गदर्शनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. पूर्वी दहावी-बारावीचा निकाल लागला की मुले विचारीत, आय.टी.आय.ला जाऊ की डिप्लोमाला, बी.ए. करून स्पर्धा परीक्षा देऊ की पंचतारांकित वसाहतीत एखाद्या कारखान्यात चिकटू? आता त्यांतील काहीजण विचारतात, 'यूट्यूबवर चॅनेल काढू का? रील्सवर पैसे मिळतात म्हणे.' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि 'काढ की' म्हणून मोकळे होण्यासारखाही नाही. ज्या समाजाचा आवाज शतकानुशतके दाबला गेला, त्या समाजातील मुलाच्या हाती आज छापखाना, सभामंडप आणि तमाशाचा फड अशी तिन्ही साधने एका फोनच्या रूपाने आली आहेत. ती कशासाठी व कशाच्या बळावर वापरायची, याचा विचार आधी व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

या बाबतीत आपल्याला दूरचे दाखले शोधण्याची गरज नाही. स्वतःचे माध्यम उभे करण्याचा आपल्या चळवळीचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले आणि त्याला राजर्षी शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील, हे येथे सांगायला नकोच. पुढे दोनच महिन्यांत, २१ व २२ मार्च १९२० रोजी, त्या वेळच्या कागल जहागिरीतील माणगाव येथे (आज ते हातकणंगले तालुक्यात मोडते) बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली व महाराज स्वतः तेथे आले. एवढा इतिहास जयंतीच्या भाषणांतून सर्वांच्या कानावरून गेलेला असतो. पण 'मूकनायक' चालला कसा आणि थांबला का, याकडे फारसे कोणी वळत नाही. आमच्या मते चॅनेल काढू पाहणाऱ्याने नेमके तेच पाहावे.

बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीतल्या माणसाला उघडपणे पत्र चालवण्याची मोकळीक नव्हती, म्हणून संपादक म्हणून नाव लागले ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. आपल्या संस्थेच्या सभासदांत शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, एस.टी. व आरोग्य खात्यातले कर्मचारी पुष्कळ आहेत. त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आजही शासकीय सेवकाला वर्तणूक नियम लागू आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापराबाबत स्वतंत्र सूचनाही काढल्या आहेत. शाळेतल्या मुलांबरोबर नाचत काढलेली रील किंवा खात्याच्या कामकाजावर केलेली टीका कोणत्या दिवशी साहेबांच्या टेबलावर जाऊन पडेल, याचा नेम नाही. वाटेल त्या उत्पन्नाला परवानगी लागत नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. आपल्या आस्थापनेला लेखी विचारावे.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. हाती घेतलेले पत्र ऐन बाळसे धरीत असताना त्यांनी शिक्षण निवडले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी दोनदा वाचावी. त्यांच्यामागे 'मूकनायक' कसाबसा चालला आणि १९२३ मध्ये बंद पडला. परत आल्यावर, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. त्यात चोवीस-चोवीस रकान्यांचा मजकूर त्यांना एकट्याला लिहावा लागे. महाडचा सत्याग्रह, वकिली, परिषदा आणि वर हे काम! वर्गणी थकलेली, कर्ज वाढलेले. नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही थांबले. मग २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले, आणि ते मात्र पाव शतक टिकले. ४ फेब्रुवारी १९५६ पासून तेच 'प्रबुद्ध भारत' झाले. 'जनता' टिकण्याचे एक मोठे कारण आम्हांला असे दिसते की ते एकट्याच्या खांद्यावर नव्हते. देवराव नाईक, भा. र. कद्रेकर यांच्यासारखी संपादनाचा भार उचलणारी माणसे तेथे होती.

आज चॅनेल काढणारा बहुधा एकटाच असतो. तोच बोलतो, तोच चित्रण करतो, तोच रात्री दोनपर्यंत जागून जोडकाम करतो आणि सकाळी उठून कोणी पाहिले का ते मोजतो. पहिले तीन महिने उत्साह असतो. पुढे आठवड्याला एक चित्रफीत देणे हे ऊस तोडण्याइतके जड होते, कारण विषय संपतात आणि पाहणारे वाढत नाहीत. आम्ही तर म्हणू की चॅनेल काढण्याआधी कॅमेरा घेऊ नये, दोन जोडीदार शोधावेत. आणि एकही चित्रफीत न टाकता दहा विषयांचे दहा कागद लिहून पाहावेत. पाचव्या कागदाला पेन अडले, तर त्या दिशेने आणखी वाचन करायचे आहे असे समजावे.

आता पैशाकडे वळू. मुलांच्या मनात सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणे, अथवा नव्वद दिवसांत छोट्या फितींना एक कोटी दर्शने, अशी अट आहे. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. एक माणूस सरासरी तीन मिनिटे थांबला असे धरले, तर वर्षात ऐंशी हजार वेळा तुमची फीत पाहिली गेली पाहिजे. आणि ही नुसती दारात उभे राहण्याची अट झाली! पुढे मोठ्या फितींवरील जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, उरलेले कंपनी ठेवते. छोट्या फितींच्या वाटणीत हा हिस्सा ४५ टक्के आहे. जमा रक्कम शंभर डॉलरच्या पुढे गेल्याशिवाय ती खात्यात येत नाही. दर तर विषय, भाषा आणि पाहणारा कोणत्या देशातला आहे यावर ठरतो. त्यामुळे एकाच दर्शनसंख्येला दोघांना सारखे पैसे मिळतात असे नाही. रील्सवर गाड्या-बंगले दाखवणाऱ्यांचे उत्पन्न मुख्यतः कंपन्यांच्या जाहिरातीतून येते, आणि तेथे प्रश्न वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ. मिळालेल्या पैशावर आयकर असतो, कंपनीने फुकट दिलेला फोनही उत्पन्नातच धरला जातो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शिक्षण सोडून, लागलेली नोकरी सोडून किंवा आईच्या बचत गटातून कर्ज काढून कोणी या मार्गाला लागू नये. भाकरी दुसरीकडून येत असेल तरच बोलण्याचे स्वातंत्र्य टिकते. ज्याची चूल दर्शनांच्या आकड्यावर पेटते, त्याला उद्या आकडा सांगेल ते बोलावे लागते. बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त जे व्याख्यान दिले, त्यात पत्रकारिता ही जबाबदारीचे काम न राहता निव्वळ धंदा झाल्याबद्दल व वाचकांच्या भावना चेतवून विभूतिपूजा माजवण्याबद्दल कडक शब्दांत खंत व्यक्त केली आहे. ते व्याख्यान आज पुन्हा काढून वाचले की लेखक समाजमाध्यमांविषयीच बोलतो आहे की काय असे वाटते.

दुसरा हिशेब जागेचा. छापखाना दुसऱ्याचा असेल तर पत्राची मान त्याच्या हाती राहते, हे ओळखून बाबासाहेबांनी 'भारत भूषण' हा स्वतःचा छापखाना उभा करण्याचे कष्ट घेतले. आपले चॅनेल मात्र सदैव दुसऱ्याच्याच छापखान्यात निघते. घर सजवले तरी ते भाड्याचे आहे आणि मालक कधीही भिंत पाडू शकतो. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. बंदीच्या कारणांची चर्चा येथे करत नाही. पण खेड्यापाड्यांतली, शेतमजुरांची, बांधकामावर जाणाऱ्यांची कितीतरी मुले तोवर त्या एका अ‍ॅपवर नावारूपाला आली होती. त्यांचे लाखांचे चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. ज्यांनी आपल्या फितींच्या प्रती राखल्या होत्या, ते दुसरीकडे पुन्हा उभे राहिले. बाकीच्यांच्या हाती काही उरले नाही. किल्लीचेही तसेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींचे 'आपली आजी' हे पाककृतींचे चॅनेल पुष्कळांनी पाहिले असेल. २०२० साली ते चोरट्यांनी ताब्यात घेतले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले म्हणून बरे. तेव्हा पासवर्ड, दुहेरी पडताळणी, ज्या क्रमांकावर व ज्या ई-मेलवर खाते आहे ते कोणाच्या नावावर, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. मंडळाचे किंवा विहाराचे चॅनेल असेल तर ही नोंद इतिवृत्तात हवी. एखादा पदाधिकारी रुसून गेला आणि चॅनेलही त्याच्याबरोबर गेले, असे प्रकार घडतात.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपण जे सांगणार, ते खरे आहे काय? बाबासाहेबांच्या नावाने आज जी वचने फिरतात, त्यांतली कित्येक त्यांच्या कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत. भगवान बुद्धांच्या नावावर खपवली जाणारी तर त्याहून अधिक. सुंदर छायाचित्र, खाली दोन ओळी आणि नाव. आणि आपणच ते पुढे ढकलतो! कालाम सुत्तात बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, गुरूच्या शब्दावरसुद्धा आंधळा विश्वास ठेवू नका असे बजावले, त्यांचेच नाव अशा ऐकीव गोष्टीला लावणे ही मोठीच विसंगती आहे. खात्री करण्याचे साधन आपल्याजवळ आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले, त्यासाठी वसंत मून यांनी घेतलेले परिश्रम आपण विसरू नये. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंकही शासनाने १९९० मध्ये एकत्र छापले. ज्या फितीत बाबासाहेबांचे वाक्य आहे, त्या फितीखाली खंड व पृष्ठ नोंदवण्याची शिस्त लावून घेतली, तर इतर शंभर चॅनेलांतून तुमचे उठून दिसेल.

येथेच कायद्याची एक बाजू येते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखनावरील हा हक्क २०१६ अखेर संपला आहे. परंतु कोणी अलीकडे केलेला मराठी अनुवाद त्या अनुवादकाचा असतो. भीमगीतांचे तर विशेष जपावे. वामनदादा कर्डकांचे गीत आपल्या सर्वांचे आहे असे आपण प्रेमाने म्हणतो, पण त्याची ध्वनिफीत एखाद्या कंपनीच्या मालकीची असते. ती मागे वाजवली की फितीचे उत्पन्न तिकडे वळते किंवा फीत काढली जाते, आणि नव्वद दिवसांत अशा तीन कायदेशीर तक्रारी मान्य झाल्या की यूट्यूब संपूर्ण चॅनेल बंद करू शकते. आपल्या वस्तीतल्या गायन पार्टीला गायला सांगावे, त्यांची लेखी संमती घ्यावी व त्यांचे नाव द्यावे. यात खर्चही नाही आणि कलावंतांचा मानही राहतो.

खरे असले तरी प्रत्येक गोष्ट बोलावी का? मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांच्या वाणीची कसोटी आली आहे. जे खोटे किंवा निरुपयोगी ते ते बोलत नाहीत. जे खरे आणि हिताचे ते ऐकणाऱ्याला कडू लागणारे असले तरी बोलतात, मात्र वेळ पाहून. कोल्हापूरकरांना वेळेचे मोल वेगळे सांगायला नको. जून २०२३ मध्ये काही तरुणांनी मोबाईलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला, ७ जूनला दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसले जाते, गुन्ह्याची नोंद पुसली जात नाही. समाजात शत्रुत्व वाढवणे, धर्मभावना दुखावणे यांबद्दलची कलमे नव्या भारतीय न्याय संहितेतही आहेत, आणि पोलीस चारित्र्य पडताळणीत असे एक प्रकरण निघाले तर भरती झालेला मुलगा घरी परत येतो. अन्यायाविरुद्ध बोलू नये असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांची सर्व पत्रे त्यासाठीच होती. पण त्यांचा रोख विचारावर व व्यवस्थेवर असे आणि हाती पुरावा असे. शेजारच्या गल्लीतल्या पोराला डिवचणारी गाण्याची रील म्हणजे चळवळ नव्हे.

उलट बाजूही आहे. आपला मुलगा किंवा मुलगी नावानिशी, निळ्या झेंड्यासह पडद्यावर आली की खाली जातीवरून घाणेरड्या शिव्या पडतात. मुलींच्या वाट्याला तर दुहेरी येते; चेहरा जोडून बनावट चित्रे केली जातात. शिर्डीत मे २०१५ मध्ये मोबाईलवर भीमगीत वाजले एवढ्या कारणावरून आपल्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. तेव्हा धोका काल्पनिक नाही. अशा वेळी उलट शिवी देऊ नये आणि घाबरून ती प्रतिक्रिया पुसूही नये. आधी तिचे चित्र, दुवा, तारीख व वेळ जपून ठेवावी, फोन बदलू नये आणि मग वडीलधाऱ्यांना घेऊन पोलीस ठाण्यात जावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा समाजमाध्यमांवरील जातिवाचक अपमानालाही लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. केंद्र सरकारचे सायबर गुन्ह्यांचे तक्रार संकेतस्थळ आहे. पैशाची फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक आहे. आणि मुलगी घरी येऊन असे काही सांगू लागली, तर 'तुला कोणी सांगितले होते व्हिडिओ काढायला?' असे म्हणून आई-बापांनी तिचे तोंड बंद करू नये. एवढे जरी पालकांनी पाळले तरी निम्मे संकट टळते.

घरातल्या गोष्टी बाहेर मांडण्याविषयी थोडे. दया पवारांच्या 'बलुतं'वर १९७८ साली आपल्याच माणसांनी, हे उघड्यावर कशाला, असा आक्षेप घेतला होता. आपल्या कागलच्या आनंद यादवांनी 'झोंबी'त बापाचा मार आणि घरचे दारिद्र्य लिहिले ते १९८७ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर. दोघांनीही दुःख वर्षानुवर्षे मनात मुरवले आणि मग ते साहित्य झाले. आजची फीत सकाळच्या भांडणाची संध्याकाळी बाहेर पडते. लहान भावंडांना तर विचारलेही जात नाही, आणि मोठेपणी ती फीत त्यांच्या मागे लागते.

जाहिरातीचा प्रश्न मागे ठेवला होता. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे, आणि शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. चॅनेल थोडे वाढले की पहिली विचारणा बहुधा येते ती पैशावर पत्ते-क्रिकेट खेळायला लावणाऱ्या अ‍ॅप्सची, रातोरात कर्ज देणाऱ्यांची किंवा गोरे करणाऱ्या मलमांची. रमीच्या नादात उद्ध्वस्त झालेली घरे आपण पाहिली आहेत. पैशांच्या ऑनलाईन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. पैसे घेऊन केलेली प्रशंसा ही जाहिरात आहे असे ठळक सांगणे बंधनकारक आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तोंड दाखवणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिली जाहिरात येण्यापूर्वीच, कोणत्या घ्यायच्या नाहीत याची यादी करून ठेवावी. पैसा समोर आल्यावर यादी करणे जमत नाही.

एवढे सगळे पार करून ज्याला चॅनेल काढायचेच आहे, त्याने कागलमध्ये विषय कोणता घ्यावा? डी.जे.समोरच्या नाचाच्या रील्स दर एप्रिलमध्ये हजारो निघतात, त्यांत आणखी एकाची भर नको. माणगावची परिषद तेथे काय घडले हे छापून आले म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मात्र १९५६ नंतर आपल्या तालुक्यात गावोगाव धम्मदीक्षा कशी पोहोचली, देव्हाऱ्यातले देव कोणी नदीत सोडले, पाणवठ्यावर काय झाले, पहिला विहार कोणाच्या जागेत उभा राहिला, हे कोठेही छापलेले नाही. ते सांगू शकणारी माणसे आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यासाठी दोन विद्यार्थी, एक फोन, कॉलरला लावायचा साधा माइक आणि शांत खोली एवढे पुरे. एकाने विचारावे, दुसऱ्याने टिपावे. आजी-आजोबांच्या सह्या किंवा अंगठे असलेले संमतिपत्र घ्यावे, त्यांना मधेच तोडू नये, आणि मूळ ध्वनिचित्रण न कापता दोन ठिकाणी जतन करावे: एक घरी, एक विहाराच्या कपाटात. पहाटेची वेळ चांगली; तेव्हा म्हाताऱ्या माणसांना जुने आठवते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची गाणीही सुरू झालेली नसतात.